९३ टक्क्यांवर अडकलेली रात्र

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. भाचीचा फोन आला. "मामा, ९३ टक्क्यांवर येऊन थांबलंय. तासभर झाला. आता माउसही हलत नाही."

"कितवी वेळ ही?"

"तिसरी."

"मेक करताना जे-फोर दिलंस का?"

"हो. कागदावर तसंच लिहिलंय."

तो कागद मी मागवला. तिने फोटो पाठवले. झेरॉक्सची झेरॉक्स, चार पानं, कोपऱ्यात आधीच्या कुठल्या तरी बॅचचा रोल नंबर. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर ओपनसीव्ही ही कॅमेऱ्याची चित्रं तपासणारी लायब्ररी बसवण्याची कृती. आधी पंचवीसएक पॅकेजांची यादी, मग सोर्स उतरवून घ्या, मग सीमेकची सहा ओळींची आज्ञा, मग मेक, मग वाट पाहा. यादीत लिबजॅस्पर-डेव्ह आहे. आताच्या सिस्टिमला ते नावच माहीत नाही. क्यूटी-फोरच्या फायली आहेत, त्याही गेल्या. पायथन २.७ चे हेडर आहेत. पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. कागदावर मात्र ते आजही पहिल्या पानावर आहे. "जे सापडणार नाही ते गाळा आणि पुढे जा," असं मुलांना सांगितलं गेलं होतं.

भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा ग्रुप. त्यातल्या एकाच्या घरी तासगावजवळ बेदाण्याचं शेड आहे. प्रोजेक्ट त्याच शेडसाठी: ट्रेमधला बेदाणा कॅमेऱ्याने पाहायचा आणि हिरवा किती, पिवळा किती, काळपट किती ते सांगायचं. बेदाण्याला भाव रंगावर मिळतो, आणि निवडायला दिवसभर बायका बसलेल्या असतात. कल्पना चांगली आहे, गरज खरी आहे, बोर्ड स्वस्त आहे, लायब्ररी फुकट आहे. आणि फोन आला त्या रात्रीपर्यंत तीन आठवडे उलटून गेले होते, कॅमेऱ्याने एकही बेदाणा पाहिलेला नव्हता.

माझा राग या तीन आठवड्यांवर आहे.

त्या रात्री तिला सांगितलं ते असं. वायर काढ. पुन्हा सुरू कर. टर्मिनल उघड आणि एकच ओळ लिही: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे पायथन-थ्री-ओपनसीव्ही. काही मिनिटं गेली. मग पायथनमध्ये सीव्ही-टू इम्पोर्ट करून व्हर्जन छापायला सांगितलं. ४.६.० आलं. फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "एवढंच होतं?"

एवढंच होतं. बुकवर्म नावाच्या सिस्टिमसोबत ते तयार येतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून येतं.

ओपनसीव्ही कंपाइल करणं हे एके काळी खरोखर गरजेचं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. ७०० मेगाहर्ट्झचा एक कोअर, २५६ एमबी रॅम. त्यानंतर काही वर्षं पायथनच्या पॅकेज-भांडारात एआरएम प्रोसेसरसाठी तयार ओपनसीव्ही नव्हतं. डेबियनमध्ये होतं ते जुनं. नवं हवं तर सोर्स आणा आणि रात्रभर यंत्राला राबवा, दुसरा मार्ग नव्हता. ज्यांनी त्या काळात कृती लिहून ठेवल्या त्यांनी उपकार केले आहेत. पुढे पायव्हील्स आलं. रास्पबेरी पायसाठी पायथनची पॅकेजं आधीच कंपाइल करून ठेवणारं ते कोठार. ६४ बिटी एआरएमची तयार पॅकेजं मूळ भांडारातही आली. गरज संपली. कागद उरला. गरज संपल्यावर उरलेल्या विधीला आपल्याकडे कर्मकांड म्हणतात, आणि कर्मकांडाचं लक्षण हेच की ते चुकलं तर चूक करणाऱ्याची धरतात. "तुझंच काहीतरी चुकलं असेल, पुन्हा कर." तीन वेळा केलं तिने.

९३ टक्क्यांवर का अडकतं, हे त्या चार पानांत कुठेही नाही. ते दोन मिनिटांत सांगता येतं. ओपनसीव्ही सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं आहे, शेकडो फायली आहेत. कंपायलर एकेक फाईल घेतो, आणि काही जड फायलींना एकेकीला काही शे एमबी रॅम लागते. जे-फोर म्हणजे अशी चार कामं एकदम. पाय ३ ची एकूण रॅम १ जीबी, त्यातली थोडी आधीच खर्ची पडलेली. रॅम भरली की सिस्टिम मेमरी कार्डावरची राखीव जागा वापरायला जाते. तिला स्वॅप म्हणतात, आणि ती मुळात ठेवलेली असते अगदी थोडी. तीही भरते. मग एक तर कर्नल कंपायलरलाच मारून टाकतो, नाही तर सगळं यंत्र कार्डावर लिहिण्यात आणि वाचण्यात बुडून जातं. बाहेरून पाहणाऱ्याला बोर्ड मेलेला वाटतो. हिरवा दिवा मात्र एकसारखा लुकलुकत असतो. उपाय साधा आहे. एका वेळी एकच काम द्या, किंवा स्वॅप तेवढ्यापुरती २ जीबी करा आणि काम झाल्यावर परत खाली आणा, कारण सततच्या लिहिण्याने कार्ड झिजतं. कंपाइल करायलाच लावायचं असेल, तर ही ओळ कागदावर सर्वांत वर हवी होती.

एक युक्तिवाद मी नेहमी ऐकतो: "कंपाइल केल्याने मुलं शिकतात." शिकली असती तर मी हा मजकूर लिहिला नसता. भाचीला विचारलं, सीमेकच्या ओळीत 'बिल्ड एक्झाम्पल्स ऑन' लिहिलंय ते कशासाठी? माहीत नाही. तिच्या ग्रुपमध्ये कुणाला? नाही. त्याचा अर्थ असा की लायब्ररीसोबत येणारे नमुन्याचे प्रोग्रॅमही कंपाइल करा. ते प्रोग्रॅम यांच्यापैकी कुणीही चालवणार नव्हतं. म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या यंत्रावर आणखी ओझं, आणि ते का लादलं हे लादणाऱ्यालाही ठाऊक नाही. कंपाइल करणं हा उत्तम धडा आहे, पण धडा म्हणून द्यायचा तर एकेक स्विच फिरवून पाहू द्या: हे बंद केलं तर किती वेळ वाचला, ते चालू केलं तर कुठली सोय मिळाली. डोळे मिटून सहा ओळी टाइप करणं हा धडा नव्हे.

आणि हे ज्या लायब्ररीच्या नावाने चालतं, तिचा जन्म कशासाठी झाला होता ते पाहा. १९९९ मध्ये इंटेलमध्ये काम करणाऱ्या गॅरी ब्रॅडस्कीने हे काम सुरू केलं. त्याने पाहिलं होतं की एमआयटी मीडिया लॅबसारख्या काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडे दृष्टीच्या प्रोग्रॅमांचा एक आतला साठा असतो. जुनी मुलं नव्या मुलांना तो देऊन जातात. त्यामुळे नवा मुलगा शून्यापासून सुरू करत नाही, आधीच्यांच्या खांद्यावरून सुरू करतो. हा साठा सगळ्यांनाच का मिळू नये? त्यातून ओपनसीव्ही उभं राहिलं. २००० मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली, २००६ मध्ये १.०, २०१८ मध्ये ४.०. रशियात निझ्नी नोव्हगोरोडच्या इंटेलच्या मंडळींचा त्यात मोठा हात आहे. २००५ मध्ये वाळवंटातली चालकरहित गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅन्फर्डच्या 'स्टॅन्ली' गाडीतही ही लायब्ररी होती. आणि आज कुणीही ती फुकट घेऊ शकतो, व्यवसायातही वापरू शकतो.

रास्पबेरी पायची गोष्टही याच वळणाची. केंब्रिजला संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्या मुलांची संख्या घटत होती आणि येणाऱ्यांना प्रोग्रॅमिंग पूर्वीच्या मुलांसारखं येत नव्हतं. एबेन अप्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांना वाटलं, मुलाच्या हातात मोडतोडीची भीती न बाळगता खेळता येईल असं स्वस्त यंत्र हवं.

म्हणजे दोन्ही वस्तू विद्यार्थ्याचा वेळ वाचावा, त्याला पुढून सुरुवात करता यावी म्हणून जन्मल्या. दोन्ही एकत्र आल्या आमच्या भाचीच्या टेबलावर, आणि तिचे तीन आठवडे गेले. ज्या साठ्यातून मुलांनी पुढे जायचं, त्याची आपण चार पानांची झेरॉक्स केली.

कंपाइल करावंच लागतं अशा जागा आहेत, त्या सांगून टाकतो. २०१९ चा जेटसन नॅनो हा बोर्ड घ्या. त्यात एनव्हिडियाचे १२८ कोअर आहेत, पण कंपनीच्या सिस्टिमसोबत येणारं ओपनसीव्ही त्या कोअरना हातच लावत नाही. ते हवे असतील तर स्वतः कंपाइल करा, नॅनोच्या कोअरच्या क्षमतेचा ५.३ हा आकडा द्या आणि सबंध संध्याकाळ हाताशी ठेवा. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारी आज्ञा, तिच्यातून येणाऱ्या तयार पॅकेजात व्हिडिओ हाताळणारा जीस्ट्रीमर नसतो. तो लागणार असेल तरीही विचार करावा लागतो. पण हा विचार आधी गरजेपासून सुरू होतो. बेदाण्याच्या ट्रेला यातलं काही लागत नाही.

इन्स्टॉल झालं म्हणून सगळं सरळ झालं असंही नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एकाने पिपने काहीतरी टाकायला घेतलं आणि लाल अक्षरांत एरर आली: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं. बुकवर्मपासून हा नियम आहे. सिस्टिमचं पायथन सिस्टिमचं, तुमचं तुम्ही वेगळं करा. त्यावर एक शॉर्टकट सगळीकडे फिरतो: आज्ञेच्या शेवटी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' जोडा. अहो, त्याचं नावच सांगतंय की मोडतोड होणार आहे! लिहिणाऱ्यांनी याहून स्पष्ट काय सांगायचं? पोरांनी ते जोडलं. पिपने आकडेमोडीची नम्पाय ही लायब्ररी नवी आणली, २ च्या मालिकेतली. ॲप्टने आणलेलं ओपनसीव्ही १ च्या मालिकेवर बांधलेलं. इम्पोर्ट कोसळलं.

यावर मार्ग आहे आणि तो बिनकष्टाचा आहे. स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, आणि करताना 'सिस्टिम साइट पॅकेजेस' हा पर्याय द्या, म्हणजे ॲप्टने बसवलेलं ओपनसीव्ही आणि कॅमेऱ्याची लायब्ररी आतूनही दिसते. मग आत हवं ते करा. बिघडलं तर फोल्डर उडवा, सिस्टिमला धक्का लागत नाही. भाचीला मी एक वही करायला लावली. तारीख, सिस्टिमचं नाव, काय टाइप केलं, एररची शेवटची ओळ. शेवटची ओळ मुद्दाम. मुलं एररची पहिली ओळ वाचतात, घाबरतात आणि फोन करतात. पायथन खरं कारण बहुतेक वेळा तळाशी सांगतो. वही मराठीत लिही म्हटलं. तिने "मराठीत?" असं विचारलं. हो, मराठीत. ज्या भाषेत तुला रडू येतं त्या भाषेत चूक लिहिलीस तर ती पुन्हा सापडेल.

मग कॅमेरा. प्रयोगशाळेतून रिबनवाला कॅमेरा मिळाला होता, ८ मेगापिक्सेलचा. कागदावरच्या कोडमध्ये व्हिडिओकॅप्चर, कंसात शून्य. चित्र काळं. कॅमेरा खराब आहे असं ठरवून ते परत करायला निघाले होते. कॅमेरा ठणठणीत होता. २०२१ च्या बुल्सआय सिस्टिमपासून रिबनचे कॅमेरे लिबकॅमेरामार्फत बोलतात, जुनी वाट बंद झाली. आता पायकॅमेरा-टूने फ्रेम घ्यायची आणि ओपनसीव्हीच्या हातात द्यायची. यूएसबीचा वेबकॅम असता तर शून्य चाललं असतं. इतका साधा फरक कुणी एका वाक्यात सांगितला असता, तर एक धडधाकट कॅमेरा खराब ठरला नसता.

चित्र आलं आणि पिवळे बेदाणे निळसर दिसायला लागले.

इथे मला आनंद झाला, कारण खरा धडा इथून सुरू होतो. ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवतं. बाकी जग लाल, हिरवा, निळा या क्रमाने. लायब्ररी सुरू झाली त्या काळात कॅमेरे आणि सॉफ्टवेअरमध्ये निळ्यापासूनचाच क्रम चालत होता, तो राहून गेला. पायकॅमेरा-टूत आणखी एक गोम आहे: तिथे ज्या फॉरमॅटचं नाव आरजीबी-८८८ आहे, त्यातून पायथनच्या हातात येणारा क्रम नेमका निळा-हिरवा-लाल असतो, म्हणजे ओपनसीव्हीला हवा तो. नावावर विश्वास ठेवून मुलांनी तो पुन्हा उलटवला होता. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली. हिरव्याचं स्थान मधलं, त्यामुळे हिरवा जागेवर राहिला. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. त्यातल्या लालाच्या जागी निळा आला की रंग आकाशी होतो. मी फोनवर हे सांगत होतो आणि पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती काहीतरी शिकत होती.

दुसरी गोम एचएसव्हीची. रंग ओळखायला हा चांगला हिशेब: रंगछटा वेगळी, गडदपणा वेगळा, उजेड वेगळा. छटा वर्तुळावर मोजतात, ० ते ३६० अंश. पण एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे आकडा मावत नाही. म्हणून ओपनसीव्ही अंश निम्मे करून ० ते १७९ मध्ये बसवतं. पिवळा ६० अंशांवर, ओपनसीव्हीत तो ३०. हिरवा १२० वर, इथे ६०. मुलांनी चित्रं रंगवायच्या ॲपमधून आकडे उचलले होते, दुप्पट. साहजिकच काही सापडेना. त्यांनी निष्कर्ष काढला की एवढ्या कामाला डीप लर्निंग लागणार, आणि एक मोठं न्यूरल नेटवर्क १ जीबीच्या बोर्डावर चढवायला निघाले.

हा निष्कर्ष मला सगळ्यात धोकादायक वाटतो. आकडे दुप्पट होते म्हणून रंग सापडला नाही, आणि उत्तर काय, तर मोठं मॉडेल! २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स या दोघांनी चेहरा शोधण्याची पद्धत मांडली. ३८४ बाय २८८ च्या चित्रांवर, सेकंदाला १५ चित्रं. यंत्र कोणतं? ७०० मेगाहर्ट्झचं पेंटियम थ्री. तुमच्या टेबलावरच्या पाय ३ मध्ये १.२ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. त्या दोघांकडे ताकद कमी होती म्हणून त्यांनी विचार केला: चित्राच्या ज्या भागात चेहरा असणं शक्यच नाही तो भाग पहिल्या एक-दोन तपासण्यांतच टाकून द्यायचा, वेळ फक्त संशयित जागेवर घालवायचा. छोट्या यंत्रावर काम करायचं म्हणजे हे आलं. कुठे पाहायचं नाही, हे आधी ठरवा.

साधा हिशेब मांडून पाहा. ६४० बाय ४८० चं रंगीत चित्र म्हणजे ९,२१,६०० बाइट. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर पावणेतीन कोटी बाइट दर सेकंदाला यंत्रातून जातात. तेच १९२० बाय १०८० चं घ्या, एक चित्र ६२,२०,८०० बाइट, सेकंदाला साडेअठरा कोटींच्या वर. ते धूसर करायचं, रंग बदलायचा, मुखवटा काढायचा. प्रत्येक पायरीला हे सगळे बाइट पुन्हा उचलायचे आणि ठेवायचे. आणि बेदाण्याचा ट्रे काही पळत नाही. त्याला सेकंदाला ३० चित्रं कशाला? एक पुरे. मी विचारलं, शेतकऱ्याला काय हवंय, बेदाण्यांची संख्या की प्रमाण? चौघं गप्प. त्यांनी गृहीत धरलं होतं की संख्या. एकमेकांना चिकटलेले बेदाणे सुटे कसे करायचे यावर दोघं आठवडाभर डोकं फोडत होते. ज्याच्या घरचं शेड, त्याने वडिलांना विचारलं. त्यांना मोजणी नकोच होती. ट्रेमध्ये पिवळा माल शेकडा किती, एवढंच पाहिजे होतं. म्हणजे बेदाणे सुटे करायचीच गरज नाही. निळं रेक्झिन अंथरा, कारण निळा बेदाणा नसतो. निळं सोडून उरलेले पिक्सेल मोजा, त्यात कोणत्या रंगाचे किती ते काढा. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम.

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो. पहिल्या दिवशी मुलं लिबजॅस्पर शोधत होती.

आता शेड. बेदाणा तयार होतो फेब्रुवारीनंतर, कामाचा भर मार्च-एप्रिलच्या उन्हात. वर पत्रा. बोर्ड प्लॅस्टिकच्या बंद डबीत. प्रोसेसर ८० अंशांवर गेला की स्वतःचा वेग स्वतः कमी करतो. तो त्याचा शहाणपणा आहे, बिघाड नव्हे. हीटसिंक लावा, डबीचं झाकण काढा, पंखा द्या. तपासायला आज्ञा आहे, व्हीसीजेनकमांड, पुढे गेट-थ्रॉटल्ड. शून्य आलं तर सुखरूप, नाही तर आकडाच सांगतो की तापला की वीज कमी पडली. वीज कमी पडणं तर घरोघरी. पाय ३ ला ५ व्होल्ट, अडीच ॲम्पिअर हवेत. मुलं मोबाईलचा चार्जर आणि लांबलचक स्वस्त केबल जोडतात. केबलमध्येच व्होल्टेज गळतं, ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर पिवळी वीज चमकते. त्या खुणेकडे मी कित्येकांना दुर्लक्ष करताना पाहिलंय. मग कार्ड करप्ट होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार्जर चांगला घ्या, केबल आखूड घ्या, आणि काम चालू लागलं की त्याच दिवशी कार्डाची कॉपी काढून ठेवा.

शेडमध्ये स्क्रीन नाही, म्हणून लॅपटॉपवरून एसएसएचने आत जायचं. आत गेल्यावर प्रोग्रॅममधली 'इमशो' ही ओळ पडली, खिडकी उघडायला पडदाच नाही. चित्र फाईलमध्ये लिही, लॅपटॉपवर आणून बघ. पुढे सरक.

खरा घोळ उजेडाने घातला. प्रयोगशाळेत ट्यूबलाइटखाली आकडे छान येत होते. शेडमध्ये तोच ट्रे एकदा ४१ टक्के पिवळा, पाच मिनिटांनी ५८. बेदाणा तोच, हातही लावलेला नाही. कॅमेरा स्वतःहून पांढऱ्याचा तोल आणि उजेडाचा अंदाज बदलत राहतो. ट्रे भरलेला असला तर एक, रिकामा असला तर दुसरा. फोटो सुंदर यावा म्हणून ती सोय असते; मोजमापाला ती विष. आपोआप चालणारं दोन्ही बंद करायचं, उघडझाप किती वेळ ते ठरवून द्यायचं, लाल-निळ्याचं प्रमाण ठरवून द्यायचं, चौकटीच्या कोपऱ्यात एक पांढरा कागद चिकटवायचा आणि दर वेळी तो पांढराच दिसतोय ना ते तपासायचं. ट्रेवर स्वतःचा दिवा, त्याच्यापुढे बटर पेपर, म्हणजे उजेड पसरट पडतो आणि बेदाण्यावर चकाकी येत नाही. पाचपन्नास रुपयांचा कागद. हे लायब्ररीच्या कुठल्याच आवृत्तीत मिळत नाही.

सगळं केलं तरी दुपारी तीननंतर आकडा सरकायचा. चौघं लॅपटॉपला चिकटून बसले होते. प्रोग्रॅम पुन्हा वाचला, एचएसव्हीच्या मर्यादा पुन्हा घातल्या, कुणीतरी ओपनसीव्ही जुनं आहे म्हणून नवं कंपाइल करू या म्हणालं. भाचीने मला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी काही विचारायच्या आत मागून एका बाईंचा आवाज आला. गेली कित्येक वर्षं त्या शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या मावशी. "अगं पोरी, आमी तिसऱ्या पारला त्या दाराकडं बसतच न्हाई. ऊन आत येतंय, सगळा माल पिवळाच दिसतोय."

थोडा वेळ फोनवर फक्त पंख्याची घरघर ऐकू आली. मग काहीतरी ओढल्याचा आवाज. मावशींनी दाराला गोणपाट लावलं होतं.

"मामा, ४३," भाची म्हणाली. मग पाच मिनिटांनी, "४३." मग, "मामा, वहीत लिहिते. मावशींचं नाव पण लिहू ना?"